४० टक्के की १० टक्के: जड ओझोनच्या एका आकड्याचं प्रकरण

प्रकरण असं की वरच्या हवेतला जड ओझोन, म्हणजे ज्यात ऑक्सिजनचा एखादा जड अणू बसलाय असा ओझोन, अपेक्षेपेक्षा ४० टक्के जास्त की १० टक्के. प्रकरण अभ्यासात नावं झाकायची पद्धत असते. म्हणून ज्या टीमचा आकडा पुढे टिकला नाही तिचं नाव घेत नाही, नुसतं बलूनवाली टीम म्हणतो, या विषयातल्या माणसाला तसंही लगेच कळेल. बाकीच्यांची नावं उघड आहेत ती घेतो. आणि आधीच सांगून ठेवतो की ही कोणाची फजिती सांगायची पोस्ट नाही, उलट या टीमबद्दल मला शेवटी आदरच वाटतो, का ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

ऑक्सिजनचे तीन स्थिर आयसोटोप (वेगवेगळ्या वजनाचे अणू) आहेत, १६, १७ आणि १८. एक लाख ऑक्सिजन अणू मोजले तर साधारण ९९,७५७ निघतात १६ चे, २०५ निघतात १८ चे आणि १७ चे फक्त ३८. तिघांचं रसायन एकच, फरक वजनाचा, आणि वजनामुळे जड अणू जरा सुस्त असतात, बाष्पीभवनात मागे राहतात, विक्रियेत उशिरा लागतात असं काहीतरी. आता १८ हा १६ पेक्षा दोनने जड आणि १७ एकने, त्यामुळे एखाद्या प्रक्रियेत १८ जितका वरखाली होईल त्याच्या साधारण निम्मा १७ होणार, नेमकं सांगायचं तर ०.५२ पट. पाणी घ्या, खडक घ्या, शिंपले घ्या, आलेखावर १७ विरुद्ध १८ टाकलं की सगळे बिंदू त्या ०.५२ च्या रेषेवर निमूट बसतात. हे लोकांनी इतकं पक्कं धरलं होतं की १७ मोजायच्या भानगडीत कोणी पडायचंच नाही, १८ मोजला की १७ फुकटात कळतो ना! शिवाय मोजणं कटकटीचंही होतं, कारण सॅम्पल कार्बन डायऑक्साईड म्हणून मशीनमध्ये घातलं तर ४५ वजनावर ऑक्सिजन-१७ वाला रेणू आणि कार्बन-१३ वाला रेणू एकाच जागी येऊन बसतात, कोण किती ते वेगळं करता येत नाही.

एक अपवाद माहीत होता. १९६९ मध्ये मेक्सिकोत आयेंदे नावाचा उल्कापाषाण पडला, त्यातल्या पांढऱ्या कणांमध्ये १७ आणि १८ सारख्याच प्रमाणात हललेले दिसले, म्हणजे रेषेचा उतार ०.५२ ऐवजी १. क्लेटन वगैरे मंडळींनी हे १९७३ मध्ये छापलं आणि अर्थ असा लावला की रसायनाने असं होऊच शकत नाही, तेव्हा हा कुठल्यातरी ताऱ्यातल्या अणुभट्टीतून आलेला माल असणार. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता वरची हवा. स्ट्रॅटोस्फिअरमध्ये अतिनील किरणांनी ऑक्सिजनचा रेणू फुटतो, सुटा झालेला अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटतो, तिसरा कोणीतरी रेणू जादाची ऊर्जा घेऊन जातो आणि ओझोन तयार होतो. १९८० मध्ये सिसेरोन आणि मॅकक्रम यांनी एक कल्पना मांडली. साधा १६-१६ ऑक्सिजन ठराविक तरंगलांबीचा प्रकाश वरच्या वरच खाऊन टाकतो, पण १६-१८ रेणूच्या प्रकाश खायच्या रेषा किंचित सरकलेल्या असतात, त्याच्या वाट्याचा प्रकाश खालपर्यंत झिरपतो, म्हणून १८ चे सुटे अणू जास्त तयार होणार आणि ओझोन जड होणार. कागदावर सुंदर दिसत होतं.

अडचण कुठे सुरू झाली

१९८१ मध्ये बलूनवाल्या टीमने छापलं की मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं मशीन) बलूनला लावून वर पाठवला, ओझोनचं ४८ वजन (तिन्ही अणू १६ चे) आणि ५० वजन (एक अणू १८ चा) मोजलं, आणि साधारण ३२ किलोमीटरवर जड ओझोन अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत जास्त निघाला.

हा आकडा ऐकून नुसतं ओके म्हणू नका, जरा हिशोब करून बघा. ओझोनमध्ये तीन जागा, त्यातली एक १८ ने भरायची शक्यता साधारण ०.६ टक्के, म्हणजे हजार ओझोन रेणूंमागे ५० वजनाचे सहा. ४० टक्के जास्त म्हणजे सहाचे साडेआठसुद्धा नाहीत, ८.४. आणि मुळात ओझोनच तिथल्या हवेत दहा लाखात आठ-दहा रेणू, आणि ती हवाही जमिनीवरच्या हवेच्या शंभराव्या भागाइतकी विरळ! म्हणजे गर्दीच्या शंभराव्या भागात, त्यातल्या लाखात एकात, त्यातल्या हजारात सहा की आठ हे ओळखायचं, तेही लोंबकळणाऱ्या मशीनने, जिच्या स्वतःच्या भिंतीतून निघणारा गॅसही सिग्नलमध्ये मिसळत असतो. मी नोकरीत मास स्पेक्ट्रोमीटरच वापरतो, एसी खोलीत, टेबलावर बसवलेला, तरी बॅकग्राउंडने अख्खा दिवस खाल्लेला आहे. त्यामुळे या लोकांना हे जमलं हेच मला आधी भारी वाटतं.

अडचण अशी की आकड्याला पाय नव्हते. १९८३ मध्ये के आणि स्ट्रोबेल यांनी हिशोब मांडला आणि दाखवलं की सिसेरोन-मॅकक्रमची कल्पना चालत नाही, कारण सुटा झालेला ऑक्सिजन अणू ओझोन व्हायच्या आधी शेजारच्या ऑक्सिजन रेणूंशी अणूंची अदलाबदल करत बसतो. ही अदलाबदल त्या उंचीवर ओझोन बनण्यापेक्षा हजारो पटींनी वेगात चालते. म्हणजे १८ चा अणू जास्त तयार झाला तरी ओझोन होईपर्यंत तो दहा हात फिरून हवेच्या सरासरीत विरघळून जातो. अदलाबदल धरली तर ओझोन जड सोडा, थोडासा हलकाच निघायला हवा. थिअरी म्हणते उणे, मशीन म्हणतं अधिक ४०.

समोर काय काय पर्याय होते

पहिला सोपा पर्याय, मशीनचा दोष म्हणायचं आणि गप्प बसायचं. बऱ्याच लोकांनी मनातल्या मनात तेच केलं असेल असा माझा अंदाज. पण यात धोका असा की मशीन खरं बोलत असेल तर तुम्ही एक आख्खं नवीन रसायन कचऱ्यात टाकलंत.

दुसरा, आकडा खरा धरून त्याला साजेसं कारण शोधत बसायचं. हे फार मोहाचं असतं, कारण कारण सापडलं की आकडा आपोआप खरा वाटायला लागतो, आणि मग कारण आकड्याच्या खांद्यावर आणि आकडा कारणाच्या खांद्यावर असं दोघं हवेत उभे राहतात.

तिसरा, दुसऱ्या पद्धतीने मोजायचं, म्हणजे वर न जाता सूर्यप्रकाशाच्या इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये जड ओझोनच्या रेषा शोधायच्या. चौथा, प्रयोगशाळेत ओझोन करून बघायचा. आणि पाचवा, सगळ्यात महाग आणि सगळ्यात कटकटीचा: वरचा ओझोन बाटलीत भरून खाली आणायचा आणि टेबलावरच्या चांगल्या मशीनवर सावकाश मोजायचा. ओझोन खाली आणणं म्हणजे दूध आणण्याइतकं सोपं नाही, तो भिंतीला लागला तरी मोडतो, आणि द्रवरूपात साठला तर स्फोटक आहे.

घडलं असं की हे सगळेच पर्याय वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी घेतले, कोणी ठरवून नव्हे.

पहिला फाटा: सॅन डिएगो, १९८३

थीमेन्स आणि हायडनराईश हे दोघे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोच्या लॅबमध्ये होते, बलूनच्या भांडणाशी त्यांचा थेट संबंध नव्हता. त्यांनी बंद काचेच्या भांड्यात शुद्ध ऑक्सिजन घेतला, त्यात विजेचा डिस्चार्ज दिला, भांडं लिक्विड नायट्रोजनमध्ये थंड ठेवलं की झालेला ओझोन भिंतीवर गोठतो, मग उरलेला ऑक्सिजन पंपाने ओढून घ्यायचा. ओझोन उणे ११२ अंशाला उकळतो आणि ऑक्सिजन उणे १८३ ला, त्यामुळे वेगळं करणं जमतं. आणि यांनी एक गोष्ट केली जी बाकीचे करत नव्हते, १७ पण मोजला. सॅम्पल ऑक्सिजन वायू म्हणून मशीनमध्ये घातलं, त्यामुळे कार्बन-१३ ची कटकटच नाही.

उतार निघाला १. म्हणजे १७ आणि १८ सारखेच वाढलेले. आयेंदेच्या पांढऱ्या कणांसारखं! जे ताऱ्याशिवाय होत नाही असं दहा वर्षं म्हटलं जात होतं ते काचेच्या भांड्यात झालं. १९८३ च्या मार्चमध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

आता इथे एक निर्णय झाला त्यावर मला थांबायचंय. त्यांनी निकालासोबत कारणही दिलं, तेच, प्रकाश खाण्याचं, सेल्फ-शील्डिंग. दोन वर्षांनी नवोन आणि वासरबर्ग यांनी दाखवलं की अदलाबदलीच्या वेगापुढे हे कारण टिकत नाही, म्हणजे के-स्ट्रोबेलवाला मुद्दाच परत. मग त्याच लॅबने कारण बदललं आणि रेणूच्या सममितीकडे वळले: १६-१६-१६ उलटा फिरवला तरी तसाच दिसतो, पण एका टोकाला १७ किंवा १८ लागला की सममिती मोडते, आणि ती मोडायला १७ असो की १८, फरक पडत नाही, म्हणून दोघांची वाढ सारखी. माप बरोबर, पहिलं कारण चूक. हे दोन वेगळे करून ठेवले असते तर वाद कमी झाला असता का? मला वाटतं हो, पण मग पेपर तितका वाचला गेला असता का, तेही आहेच.

दुसरा फाटा: आकड्याला सोबती मिळाले

इकडे बलूनवाली टीम उडत राहिली, पुढे ४९ वजनही (एक अणू १७ चा) मोजायला लागली. आणि स्पेक्ट्रमवाल्यांचे निकाल यायला लागले. अमेरिकेत किट पीकवरून घेतलेल्या सूर्याच्या स्पेक्ट्रममध्ये वाढ साधारण पाच-दहा टक्के दिसली, पण एरर बार, म्हणजे माप किती इकडेतिकडे असू शकतं तो पल्ला, जवळपास आकड्याएवढाच. काही बलूनवरच्या स्पेक्ट्रममधून मात्र ४० च्या आसपासचेही आकडे आले.

हा भाग सगळ्यात शिकण्यासारखा आहे. एकटा विचित्र आकडा असता तर लोकांनी सोडून दिला असता, पण त्याला सोबती मिळाल्यावर तो पक्का वाटायला लागला, आणि सोबती मात्र सगळे असे होते की ज्यांचा एरर बार ताटाबाहेर गेलेला. तीन डगमगते साक्षीदार म्हणजे एक पक्का साक्षीदार नव्हे, हे आपल्याला कोर्टात कळतं, डेटात कळत नाही.

त्याच वेळी लॅबमधली मापं मात्र घट्ट होत गेली. खोलीच्या तापमानाला, कमी दाबाला केलेल्या ओझोनमध्ये ५० वजनाची वाढ साधारण १३ टक्के आणि ४९ ची ११. तापमान उतरवलं की वाढ कमी होते, दाब खूप वाढवला तरी कमी होते. स्ट्रॅटोस्फिअर तर थंड, उणे पन्नास-साठ अंश. म्हणजे लॅबच्या हिशोबाने तिथे दहाच्या आसपास यायला हवं, ४० ला पोचायला कुठला रस्ताच नाही. एवढं झाल्यावर दोनच शक्यता उरतात, वर काहीतरी असं आहे जे भांड्यात नाही, नाहीतर वरचं मापन फुगलेलं आहे.

काय केलं

बलूनवाल्या टीमने इथे जे केलं त्यासाठी ही पोस्ट लिहितोय. स्वतःच्या आकड्याची वकिली करत बसण्याऐवजी त्यांनी पाचवा पर्याय घेतला, थंड सापळे लावून ओझोन गोळा करून खाली आणायचा. पहिले निकाल १९९० मध्ये छापले, आणि आकडे एकदम खाली उतरले, बहुतेक दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात. मग पुढची दहा वर्षं हेच काम, टीम जर्मनीत गेली, उत्तरेत स्वीडनच्या किरुनाहून बलून सोडले, सॅम्पलं वाढत गेली, आणि सरतेशेवटी ५० वजनासाठी ७ ते ११ टक्के आणि ४९ साठी ७ ते ९ टक्के असा आकडा स्थिरावला. लॅबमध्ये त्या तापमानाला जे यायला हवं तेच. २००१ मध्ये त्यांनी स्वतःच आपला जुना विषय परत उघडून छापलं की मोठे आकडे नंतर परत दिसले नाहीत. वीस वर्षांनी स्वतःच्या गाजलेल्या आकड्यावर स्वतः काट मारणं, आपल्याकडे किती जणांना जमेल बघा.

(जाता जाता: हवा गोठवून खाली आणायचं हे तंत्र आपल्याकडेही आलेलं आहे. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे, तिथून अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने जर्मन गटाबरोबर १९८७ पासून अशी सॅम्पलं घेतली, पण ती सीएफसीसारख्या वायूंसाठी. ओझोनच्या आयसोटोपवर अहमदाबादचं काम आहे ते लॅबमधलं, ओझोन प्रकाशाने मोडताना काय होतं वगैरे, आणि ते चांगलं काम आहे.)

निकाल काय लागला

४० गेला, पण जड ओझोन राहिला. दिशा बरोबर होती, आकार चुकला होता.

कारणाचं काय? १९९९ मध्ये याच टीमने प्रत्येक जोडीचा वेग वेगळा मोजला. १६ चा अणू १८-१८ रेणूला लागला तर वेग नेहमीच्या दीडपट, आणि १८ चा अणू १६-१६ ला लागला तर ०.९२ पट. आता गंमत बघा, दोन्हीकडे तयार होणारा रेणू असममितच आहे, तरी एक सगळ्यात वेगवान आणि एक सगळ्यात हळू! म्हणजे नुसत्या सममितीची गोष्टही पुरेशी नव्हती. २००१ मध्ये गाओ आणि मार्कस (इलेक्ट्रॉन ट्रान्सफरसाठी १९९२ चं नोबेल मिळालेले तेच मार्कस) यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: एक, नुकताच जुळलेला थरथरता रेणू कुठल्या बाजूने परत फुटेल हे सूक्ष्म ऊर्जाफरकाने ठरतं, आणि त्यातूनच दीडपट आणि ०.९२ असे टोकाचे वेग येतात. दोन, असममित रेणूला ऊर्जा वाटून घ्यायला जास्त वाटा मिळतात म्हणून तो जरा जास्त टिकतो. नैसर्गिक हवेत अदलाबदलीमुळे पहिली गोष्ट बरीचशी कटून जाते आणि दुसरी उरते, म्हणून उतार १ च्या जवळ. दुसऱ्या गोष्टीचा आकडा मात्र त्यांनी प्रयोगाशी जुळवून घेतला होता, हेही सांगायला हवं.

पण खरा फायदा वेगळ्याच ठिकाणी झाला. ओझोनवर असा शिक्का आहे की जो साध्या रसायनाने उमटत नाही, मग तो शिक्का दुसऱ्या कुठल्या रेणूवर दिसला तर समजायचं की याचा अणू कधीतरी ओझोनमधून आलाय. ओझोन अतिनील किरणांनी फुटतो तेव्हा जो चिडलेला ऑक्सिजन अणू सुटतो तो कार्बन डायऑक्साईडला जाऊन धडकतो, क्षणभर तीन अणूंच्या रेणूचा चार अणूंचा रेणू होतो, आणि परत फुटताना अणूंची अदलाबदल झालेली असते. युंग वगैरे मंडळींनी हे १९९१ मध्ये सुचवलं, आणि अमेरिकेत व्हाईट सँड्सहून सोडलेल्या रॉकेटने ६० किलोमीटरपर्यंतची हवा आणली त्यातल्या कार्बन डायऑक्साईडवर हा शिक्का स्पष्ट दिसला, १९९५ मध्ये छापलं. नंतर विमानातून घेतलेल्या सॅम्पलांमध्ये दिसलं की नायट्रस ऑक्साईड (जो वर गेल्यावर हळूहळू मोडत जातो) जितका कमी होत जातो तितका हा शिक्का गडद होत जातो, म्हणजे हवा वर किती दिवस राहिली त्याचा एक हिशोबच हाती आला.

हाच कार्बन डायऑक्साईड खाली उतरला की समुद्राच्या आणि पानांतल्या पाण्याशी अणू बदलतो आणि शिक्का धुतला जातो. आणि त्याने जे जड अणू उचलले ते शेवटी हवेतल्या ऑक्सिजनच्याच खात्यातून गेलेले असतात, म्हणून आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनमध्ये १७ चा अगदी बारीक तुटवडा आहे. लुझ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हा तुटवडा वापरून झाडं आणि समुद्र मिळून किती ऑक्सिजन बनवतात याचा हिशोब काढला. वरच्या ओझोनचं भांडण खाली शेवाळाच्या हिशोबाला लागलं. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या नायट्रेटवरही हाच शिक्का आहे, तो वेगळा मोठा विषय.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे ४९ वजन पहिल्याच बातमीत हवं होतं. मला माहितेय, १७ चा सिग्नल १८ च्याही पाचव्या भागाएवढा, बोलणं सोपं. पण ५० एकटा असताना बॅकग्राउंड आणि खरा फरक वेगळा करायला काही हातात नसतं. ४९ आणि ५० एकमेकांशी कुठल्या नात्याने वाढतायत ते दिसलं असतं तर मशीनचा दोष आणि रसायन लवकर वेगळे झाले असते, कारण मशीनच्या भिंतीतून निघणाऱ्या घाणीला उतार १ पाळायचं काही कारण नाही.

दुसरं, ‘४० टक्क्यांपर्यंत’ मधला ‘पर्यंत’. त्याच उड्डाणात खाली आकडा कमी होता, पण लक्षात राहिला तो टोकाचा. प्रत्येक उंचीचा आकडा आणि त्याचा एरर बार सारख्याच जोरात सांगितला असता तर पुढच्या लोकांनी ४० ला लक्ष्य धरून थिअरी जुळवल्या नसत्या. यात दोष टीमपेक्षा वाचणाऱ्यांचा जास्त, मी पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा ४० च लक्षात ठेवला होता.

तिसरं, गोळा करून आणायचं काम १९८१ नंतर लगेच सुरू करता आलं असतं का? इथे माझं मत डळमळतं. सापळे, ओझोन न मोडता साठवणं, वेगळा करणं, हे सगळं तंत्र उभं करायला वेळ लागणारच होता, आणि लॅबमध्ये तापमानाचा परिणाम कळल्याशिवाय सॅम्पलचा आकडा १० आला काय आणि १५ आला काय, त्याचा अर्थ लागला नसता. त्यामुळे नऊ वर्षं फुकट गेली असं मी म्हणणार नाही, तीन-चार वर्षं वाचली असती एवढंच.

आणि ०.५२ चं काय? कार्बन डायऑक्साईडमध्ये १७ हा १८ पेक्षा जास्त वाढलेला निघाला, उतार १ सुद्धा नाही, २००२ च्या बलून सॅम्पलांत १.७ च्या आसपास. ओझोनचा शिक्का जसाच्या तसा उतरला असता तर असं व्हायला नको. बलूनवाल्या टीमने हे आकडेही छापले.